पुसलेलं ताट

यंत्र आलं ते दुपारी, आणि वखारीचा दरवाजा त्याला पुरेना. ट्रकवाल्याने दोनदा पुढेमागे करून पाहिलं, मालकाने स्वतः हातवारे केले, चार हमालांनी चार मतं दिली. शेवटी डाव्या अंगाची हातभर भिंत पाडली तेव्हा कुठे ते आत आलं. भिंत पडली आणि जो धुरळा उठला तो तीस बायकांच्या सुपांवर येऊन बसला. सकाळपासून निवडलेले शेंगदाणे पुन्हा पाखडावे लागले.

"अजून सुरूसुद्धा झालं नाही, तर काम दुप्पट करून ठेवलं मेल्यानं," जिला सगळ्या बोलकी म्हणत ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तेव्हा अजून हसू येत होतं.

वखार शेंगदाण्याची होती. आसपासच्या गावांतून गोण्या यायच्या, काट्यावर तोलल्या जायच्या आणि बायकांपुढे ओतल्या जायच्या. लाकडी पाटावर बसून, गुडघे पोटाशी घेऊन, बायका दाणा दाणा निवडायच्या. फुटका, किडका, सुरकुतलेला, बुरशीचा, सगळे वेगळे काढायचे. उरलेला चांगला माल समुद्रापार जायचा. तीस जणींत जिची नजर सगळ्यांत तिखट तिला सगळे चाळण म्हणत. तिच्या नजरेतून खडा सुटत नाही, असा लौकिक होता. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच पडून होतं.

चाळणीचा नवरा याच वखारीत काट्यावर होता. कानाला पेन्सिल लावून दिवसभर गोण्या तोलायचा. त्याच्याआधी चाळणीची सासू इथेच पाटावर पस्तीस वर्षं बसली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे ती घरी उंबऱ्यात बसायची. थोडक्यात, त्या घराची चूल या एका पत्र्याच्या छपराखालच्या कामावर पेटत होती.

मागच्या वर्षी ती जवळजवळ विझलीच होती. समुद्रापारच्या व्यापाऱ्याने अख्खा माल परत पाठवला होता. तपासणीत बुरशीचं विष निघालं म्हणे. तीन महिने वखारीला कुलूप. बायका मिळेल ते काम करत हिंडल्या. कुणी विटा वाहिल्या, कुणी लोकांची भांडी घासली. यंदा व्यापाऱ्याने साफ कळवलं होतं की यंत्राच्या डोळ्याखालून गेलेला माल असेल तरच घेईन, नाहीतर दुसरे खूप आहेत. मालकाने हे बायकांना सांगितलं होतं, पण मालक वर्षभर काही ना काही सांगतच असतो, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

यंत्राबरोबर शहरातून एक मुलगी आली होती. पाठीला पिशवी, अंगात कंपनीचा शर्ट, केस मुलांसारखे कापलेले. बायकांनी तिचं नाव यंत्रवाली ठेवून टाकलं. तिने दोन दिवस वायरी जोडल्या आणि तिसऱ्या दिवशी मालकाला म्हणाली, "तुमच्याकडची जुनी आणि सगळ्यांत नजरबाज बाई द्या."

मालकाने सगळ्यांसमोर हाक मारली. "चाळण, इकडे ये. यंत्र लागलं की मला सहा जणी पुरतील. तू त्यातली पहिली. आता हिला काय हवं ते बघ."

म्हणजे चोवीस जणी घरी जाणार, हे त्या दोन वाक्यांत सांगून झालं. मालक जेवायला निघूनही गेला. चाळण उभीच राहिली. आपल्या पाठीवर एकोणतीस जणींची नजर आहे हे तिला मागे न बघता कळत होतं.

यंत्रवाली मात्र उत्साहात होती. "मावशी, याला डोळे आहेत, पण अक्कल नाही. ती तुम्ही द्यायची. चांगल्या दाण्यांचं एक ताट लावा, वाईटांचं एक. मी ती कॅमेऱ्याखालून सोडणार. हे हजारो फोटो काढेल आणि आपलं आपण ठरवेल, चांगलं कशाला म्हणायचं."

"आणि त्याचं चुकलं तर?"

"तुम्ही चुकला नाहीत, तर ते चुकणार नाही."

चाळण चार दिवस ताटं लावत बसली. जीव ओतून बसली. आयुष्यात कुणी पहिल्यांदाच तिला तिच्या नजरेबद्दल विचारलं होतं, आणि ते काम वाईट करणं तिच्या हाताला जमलंच नसतं. परीक्षक माल बघायला येतो त्या दिवशी जसं ताट लावायचं, तसंच तिने प्रत्येक ताट लावलं. दाणा उचलायचा, डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसायचा, अंगठ्याने फिरवून बघायचा, मग ठेवायचा. यंदा शेवटचा पाऊस आलाच नव्हता, कोरड्या जमिनीतून शेंगा उपटल्या होत्या, त्यामुळे दाण्यावर तांबूस धुळीचा थर होता. चार दिवसांत तिचा पांढरा रुमाल विटेच्या रंगाचा झाला. वाईट दाणे तसेच टाकले. वाईट दाणा पुसत कोण बसतं?

पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिला आपला पाट जागेवर दिसला नाही. तो दाराशी, पाडलेल्या भिंतीच्या भगदाडापाशी सरकवलेला होता, जिथे वाऱ्याबरोबर सगळी माती अंगावर येते. अठरा वर्षं ती बोलकीच्या शेजारी बसत आली होती. बोलकीची बडबड ऐकून तिचे कान किटले होते, आणि आता त्याच कानांना काही ऐकू येईना. बोलकी बोलेनाशी झाली. इतरांशी बोलायची, ही दिसली की तोंड मिटायची. पाण्याचा जग सगळ्यांत फिरायचा आणि दाराच्या अलीकडेच संपायचा. चाळण उठून नळावर जाऊन पाणी पिऊ लागली. तिने कुणाला काही विचारलं नाही, कारण काय उत्तर येईल ते तिला माहीत होतं.

चाळीस ताटं झाली. यंत्रवालीने तीस ताटांवर यंत्राला शिकवलं आणि दहा ताटं बाजूला ठेवली होती, त्यांच्यावर परीक्षा घेतली. शंभरात नव्याण्णव दाणे बरोबर. "मावशी, तुमच्या हाताला सोन्यानं मढवायला पाहिजे," ती म्हणाली. चाळणीला बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी खरी गोणी लागली. यंत्राच्या डोक्यावर पत्र्याचं मोठं नरसाळं होतं, त्यात दाणे ओतायचे. तिथून ते घसरगुंडीवरून कॅमेऱ्यासमोर येत. वाईट दिसला की बारीक नळीतून हवेची फुंकर बसायची आणि दाणा उडून पलीकडच्या तोंडात पडायचा. मालकाने कळ दाबली. बायका काम थांबवून उभ्या राहिल्या.

फटफट सुरू झाली, आणि थांबेचना. जणू कुणी पत्र्यावर मूठ मूठ खडे मारतंय. वाईटाच्या तोंडाखालची गोणी भरली, दुसरी लावली, तीही अर्धी झाली. चांगल्याच्या तोंडाखाली गोणीचा तळसुद्धा झाकला गेला नाही. यंत्रवाली स्क्रीनवर वाकली, काहीतरी बदललं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. चांगले टपोरे दाणे उडून उडून वाईटात पडत होते.

मालकाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो चाळणीकडे वळला.

"हेच शिकवलंस होय?"

"मालक, मी तर..."

"मी तुला पहिल्या सहांत घेतली, आणि तू माझ्याच पोटावर पाय दिलास. या सगळ्यांनी मिळून ठरवलं असणार. बारा दिवसांत माल बंदरावर पोचायला हवा, कळतंय का?" मग त्याने काट्याकडे बघितलं. "आणि तू रे. उद्यापासून येऊ नकोस. बसा दोघं घरात."

नवऱ्याने कानावरची पेन्सिल काढली, काट्याच्या पाटीवर ठेवली आणि शर्टाला हात पुसले. तीस माणसांसमोर चाळणीपायी त्याची मान खाली गेली.

मालक तरातरा निघून गेला. आणि मग जे झालं त्याची तिने अपेक्षाच केली नव्हती. मुकादमीण, सगळ्यांत वयस्कर बाई, स्वतः पाण्याचा जग घेऊन तिच्याजवळ आली. कुणीतरी तिच्या पाठीवर हात फिरवला. बोलकीने भगदाडापाशी जाऊन तिचा पाट उचलून आणला, आपल्या पाटाला लावून ठेवला आणि म्हणाली, "मानलं बाई तुला. चार दिवस काय नाटक केलंस. आम्हालासुद्धा कळू दिलं नाहीस."

चार दिवसांपासून ज्याच्यासाठी चाळणीचा जीव तळमळत होता ते सगळं परत मिळालं होतं, आणि एका न केलेल्या कामासाठी मिळालं होतं. ती पाणी प्यायली. निघताना वाईटाच्या गोणीतले मूठभर दाणे मात्र तिने पदरात बांधले.

घरी सासू उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. ऊन उतरलं होतं, पण पत्रा अजून तापलेला होता. नवऱ्याने आल्या आल्या तोंड धुतलं आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला. चाळणीने झालेली हकीकत सासूला सांगितली आणि पदरातले दाणे तिच्या ओंजळीत दिले.

"बघा बरं आई, काय वाईट आहे यांत. माझी तर मती गुंग झालीय."

सासूच्या डोळ्यांना आता उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं, पण बोटांत पस्तीस वर्षं साठलेली होती. तिने एकेक दाणा चिमटीत घेऊन फिरवला, एकदोन कानाशी नेऊन दाबले. "हा चांगला. हाही चांगला. हा तर बियाण्याला ठेवावा असा." सगळी ओंजळ संपली. "सगळे चांगले आहेत ग. वाईट कुणी ठरवले?"

"यंत्रानं."

"मग त्याच्या डोळ्यात काहीतरी गेलंय." सासूने बोटं एकमेकांवर चोळली. "धूळ तेवढी आहे. पुसून आणायचेस ना मला दाखवायला."

चाळण खाटेवर बसता बसता थांबली. तिने आपल्या डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. टोकाला विटेचा रंग होता, मधला भाग अजून पांढरा होता.

"आई, मी चांगले दाणे पुसून ठेवले," ती म्हणाली. "ताटातले सगळे चांगले दाणे पुसलेले होते. वाईट तसेच होते. त्या यंत्रानं आजवर धुळीचा चांगला दाणा बघितलेलाच नाही."

आतून नवऱ्याचा आवाज आला. "म्हणजे धूळ दिसली की वाईट?"

"दुसरं काय! परीक्षेची दहा ताटंही मीच पुसलेली. तिथे पास होणारच ते."

सासू तोंडाला हात लावून खुदखुदायला लागली, आणि त्या हसण्यात थोडी ओशाळगत होती. "ही पुसण्याची पद्धत कुणी पाडली माहितीये का तुला? मी. या मालकाच्या बापाच्या वेळी एकदा असाच धुरळा होता. परीक्षक दारात आला आणि माझं ताट बघवत नव्हतं. मी घाईघाईत रुमालाने पुसून काढलं. त्याने नेमकं माझंच ताट उचललं आणि वा वा केली. तेव्हापासून बाप ओरडायचा, पुसून ठेवा ग, पुसून ठेवा. मग पोरगा ओरडायला लागला. माझी खोड तीस जणींच्या हातांना लागली, आता यंत्रालाही लागली."

नवरा बाहेर आला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं. पण ते टिकलं नाही. तो दारात टेकून उभा राहिला.

"आता काय करणार? सांगितलंस तर बायका तुला दारात उभी करणार नाहीत. आज कुठे त्यांनी तुझा पाट आत घेतला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मालक मला उभा करणार नाही."

"मालकाचं सोडा. माल गेला नाही तर वखारच उभी राहणार नाही. मग कुणी कुणाला दारात उभं करायचं यावर भांडत बसायचं का?"

सासू म्हणाली, "आधी बायकांना सांग. मालकाला मागून. तुझ्या तोंडून कळलेलं वेगळं आणि त्याच्या तोंडून कळलेलं वेगळं."

सकाळी चाळण वखारीत गेली ती पाटावर बसलीच नाही. बायका सुपं सरसावत होत्या, बोलकीचं कालच्या प्रकाराचं वर्णन तिसऱ्यांदा रंगात आलं होतं. चाळण मधोमध उभी राहिली आणि रुमाल पुढे धरून तिने सगळं सांगून टाकलं. मी नाटक केलं नाही. मी मन लावून शिकवलं. फक्त पुसून शिकवलं.

मुकादमीण म्हणाली, "बरं झालं ना मग. तोंड बंद ठेव. आठ दिवसांत हे धूड जसं आलं तसं परत जाईल."

"आणि आपला माल कुठे जाईल?"

"जाईल जिथे आजवर जात होता तिथे."

"तिथून तो मागच्या वर्षी परत आला," चाळण म्हणाली. "मागच्या वर्षी यंत्र होतं का इथे? आपणच निवडला होता तो माल. मी निवडला होता. मला चाळण म्हणता ना तुम्ही? त्या बुरशीतली कितीतरी माझ्याच सुपातून गेली असेल. तीन महिने तू विटा वाहिल्यास, हिनं भांडी घासली. मी तेव्हापासून रोज हाच विचार करतेय. माझ्या डोळ्यांना सगळं दिसत नाही. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते."

बोलकीने मान खाली घातली. तिने चाळणीचा पाट हाताने थोडासा लांब सरकवला, अगदी वीतभर. चाळणीने ते बघितलं आणि ती मालकाच्या खोलीकडे चालू लागली.

मालकाचा आधी विश्वास बसेना. यंत्रवाली तिथेच होती, रात्रभर जागल्यासारखे डोळे झालेले. तिने वाईटाच्या गोणीतले शंभर टपोरे दाणे मोजून घेतले. पन्नास तसेच ठेवले, पन्नास आपल्या शर्टाच्या बाहीने पुसले आणि सगळे नरसाळ्यात टाकले. फटफट झाली. दोन्ही तोंडांखाली तिने हात धरले होते. डाव्या हातात धुळीचे होते, उजव्या हातात पुसलेले. एक दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"अगदी आज्ञाधारक आहे बिचारं," यंत्रवाली म्हणाली. "चूक माझी आहे. तुम्ही ताट कसं लावता ते मी बघायला हवं होतं. मी नुसती ताटं मोजत बसले."

गेली पंचवीस वर्षं 'पुसून ठेवा' असं कोण ओरडत आलंय हे मालकाला न सांगता आठवलं असावं, कारण त्याने खिडकीबाहेर बघत विचारलं, "आता पुन्हा शिकवायचं तर?"

"हजारभर ताटं लागतील. प्रत्येक गावच्या गोणीतली, जशी येते तशी. आणि एका हाताची नकोत. एकीचीच ताटं दिली तर तिच्याच खोडी लागतात याला. पाच दिवसांत व्हायला हवं."

"मग त्या सहा जणींना बसवू."

"सहा जणींच्यानं पाच दिवसांत होणार नाही," चाळण म्हणाली. "तीस लागतील. आणि मालक, ज्या शिकवतील त्या हंगामभर इथे राहतील, एवढं तुम्ही आधी कबूल करा. नाहीतर कुणाचा हात चालेल? स्वतःच्या हाताने स्वतःचा पाट उचलायला कुणीच बसणार नाही."

ती मालकाशी एवढं लांब वाक्य कधी बोलली नव्हती. मालकाने यंत्रवालीकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं.

"हंगामभर ठीक आहे. पुढचं पुढे बघू." आणि ती दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाला, "नवऱ्याला काट्यावर पाठव. गोण्या तशाच पडल्यात."

यापलीकडे माफी त्या घराण्यात कुणी मागितली नव्हती.

पुढचे पाच दिवस वखारीत जी भांडणं झाली ती यंत्रवालीने मिटक्या मारत ऐकली. आजवर जी ती आपापल्या सुपात बघून निवडायची, कुणाचं काय चाललंय कुणाला माहीत नव्हतं. आता ताटं शेजारी शेजारी आली. मुकादमीण सुरकुतलेला दाणा चांगल्यात टाकते हे उघडकीला आलं. "चवीला गोड असतो तो," ती म्हणाली. "म्हणजे तू खाऊन बघतेस?" असा एकदम आठ जणींनी प्रश्न केला. बोलकी गप्पांच्या नादात किडका दाणा सोडते हेही निघालं. एकेका दाण्यावरून पंचायत बसायची, आणि निकाल लागेना की सगळ्या नकळत चाळणीकडे बघायच्या.

पुसायची सवय काही केल्या हातातून जाईना. शेवटी ठरलं की जी पुसेल तिने सगळ्यांना नळावरून पाणी भरून आणायचं. पहिल्या दिवशी बोलकी तीन वेळा सापडली. तिसऱ्या वेळी जग घेऊन फिरताना ती चाळणीपाशी आली आणि पुढे न जाता थांबली.

"घे की," ती म्हणाली. आणि मग, अगदी मिळमिळीत आवाजात, दाणा पुढे धरून, "हा कुठं घालू? डाग आहे, पण वरवरचा वाटतोय."

"नखाने खरवडून बघ. गेला तर चांगल्यात."

डाग गेला. बोलकी तिथेच बसली.

सहाव्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि फटफट नेमस्त आली. मधूनच एखादी. चांगल्याची गोणी भरत राहिली. ते चुकत नव्हतं असं नाही. वाईटाबरोबर थोडे चांगलेही उडवायचं. ते पुन्हा हाताने निवडायला दहा जणी लागल्या. चांगल्या मालावर शेवटची नजर ठेवायला पट्ट्यापाशी आठ जणी, आणि तिथे मालकाला उंच स्टुलं आणावी लागली, कारण पट्टा कमरेइतका उंच होता. अठरा वर्षांनी चाळण पाय खाली सोडून बसली. पहिले दोन दिवस पाय हवेत लोंबतात म्हणून तिला अवघडल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कुणाचा हात न धरता उठली. बाकीच्या ताटं लावत राहिल्या, कारण एका दिवसाचं काम यंत्र तासात उरकतं हे कळल्यावर पूर्वी दुसरीकडे जाणाऱ्या गावांचे ट्रॅक्टर दारात लागले, आणि प्रत्येक गावची माती वेगळी, म्हणून यंत्राला पुन्हा शिकवणं आलं. सहा जणींचा हिशेब मालकाने परत कधी काढला नाही.

सगळ्याच राहिल्या असं मात्र नाही. मुकादमीण पाटावरून उठली ती स्टुलावर चढलीच नाही. "माझं ढुंगण जमिनीचं आहे," असं सांगून ती लेकीकडे राहायला गेली. आणखी एकीला पट्ट्याकडे बघून चक्कर यायची, तीही गेली. त्यांचे दोन पाट अजून भिंतीशी उभे आहेत.

माल बंदरावर पोचला. मग तपासणीच्या निकालाची वाट बघणं सुरू झालं, आणि ते दिवस फार वाईट गेले. मालकाचा फोन वाजला की अख्ख्या वखारीचे हात थांबायचे. नवरा एकच गोणी दोनदा तोलायचा. चाळणीला जेवण जाईना. बुरशीचा एखादा दाणा पुन्हा आपल्याच हातून गेला असेल, असं तिला पट्ट्यावर बघताना सारखं वाटायचं.

सतराव्या दिवशी सकाळी मालक खोलीतून बाहेर आला. फोन कानाला तसाच. तो वखारीच्या मध्यावर येऊन उभा राहिला, यंत्र बंद करायची खूण केली आणि एवढंच म्हणाला, "पास."

चाळणीचा जीव भांड्यात पडला. तिने काट्याकडे बघितलं. नवऱ्याने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघून हसला आणि परत कानाला लावली. बोलकी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मालकाने सगळ्यांना चहा सांगितला. संध्याकाळी घरी गेल्यावर चाळणीने सासूला सांगितलं तेव्हा म्हातारीने विचारलं, "धुळीसकट पास?"

"धुळीसकट आई. तिथे धुऊन घेतात म्हणे."

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच रुमाल मळवला," सासू म्हणाली, आणि समाधानाने पाय पसरून बसली.

पंधरवड्याने व्यापाऱ्याचा माणूस स्वतः वखार बघायला आला. सकाळपासून मालकाची धांदल. पाडलेल्या भिंतीला नवा दरवाजा बसला होता, त्याला रंग दिला. यंत्रवालीला शहरातून बोलावून घेतलं. नव्या गावची ताटं यंत्राशेजारी ओळीने मांडलेली होती, यंत्राला शिकवायला तयार. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि मालक त्या ओळीपाशी येऊन थबकला. त्याने ताटांतल्या तांबूस, मळकट दाण्यांकडे बघितलं. मग खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला, पहिल्या ताटावर वाकला आणि ओरडला, "अग, माणूस दारात आलाय. पुसून ठेवा जरा."

अठ्ठावीस जणींनी एकदम वर बघितलं. आधी बोलकीला हसू फुटलं, मग कुणालाच आवरेना. यंत्रवालीने तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. मालकाचा रुमाल दाण्यांवर तसाच राहिला. तो रुमालाकडे आणि बायकांकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याचे कान लाल होत चालले होते.

"राहू द्या मालक," चाळण स्टुलावरून उतरत म्हणाली. "पुसून शिकवलं की यंत्राला ओळख पटत नाही."

मालकाने रुमाल खिशात घातला. बोलकीने जग उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "नियम म्हणजे नियम, मालक. नळ तिकडे आहे."

व्यापाऱ्याचा माणूस नव्या दरवाजातून आत आला तेव्हा वखारीचा मालक दोन्ही हातांत पाण्याचा जग धरून नळावरून परत येत होता. माणसाला वाटलं, आपल्यासाठीच आणतोय. त्याने हात पुढे केला.

"थांबा हं," मालक म्हणाला. "आधी यांना देतो." आणि पट्ट्यापाशी जाऊन त्याने पहिला पेला चाळणीला दिला.